बी-वन

अक्कलकोट रोडला शेटच्या शेडमध्ये चोवीस माग,
त्यातले चार नायना सांभाळायचे.
डबा घेऊन गेलो की म्हणायचे, थांब जरा.
त्या धडाडधूममध्ये डोळे मिटून उभे राहायचे
आणि बोट करायचे : तो. कोपऱ्यातला.
दहा मिनिटांत धोटा अडकतो बघ त्याचा.
अडकायचाच.

मला ते कधी ऐकू आलं नाही.
माझे कान भैय्या चौकाच्या पुलावर असायचे.

भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानापासून
उलटी सुरू केलेली यादी :
इंजिनाचा नंबर, डबे, किती लेट.
लेट लाल शाईने.
गदगची मीटरगेज उखडली त्या आठवड्यात
एक गंजका खिळा खिशातून घरी आणला.
खिसा फाटला, मार बसला,
खिळा अजून आहे.

मला ड्रायव्हर व्हायचं होतं.
आता लोको पायलट म्हणतात,
पण लहानपणी पाहिलेल्या गोष्टीचं नाव
असं परिपत्रक काढून बदलत नाही.

लेखी निघाली.
मेडिकलला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चष्मा काढा,
आणि भिंतीवरची शेवटची ओळ
रुईच्या धुरळ्यात गेली.
ए-वनला चष्मा चालत नाही, त्यांनी लिहिता लिहिता सांगितलं.
बी-वनला चालतो.
परतीच्या गाडीत मी खिडकीची जागा
एका अनोळखी बाईंच्या मुलाला दिली.

बी-वन म्हणजे कॅरेज अँड वॅगन.
हातोडी, टॉर्च, नारिंगी जाकीट,
आणि गाडी आत येते तेव्हा
फलाटाच्या टोकाला, रुळाशेजारी, उकिडवं बसणं.
पहिल्या रात्री दस्तगीरभाईंनी खांदा दाबून बसवलं :
"वर काय बघतो बे? वर माणसं असतात.
आपलं खाली."

खाली चाक, ब्रेकब्लॉक, स्प्रिंगा,
लोंबणारं काहीतरी, जळका वास.
दोन वर्षं मी नुसतं बघत होतो.
मग एप्रिलमध्ये, रात्री पावणेतीनला,
बंगळूरकडची गाडी हळू होत आत येताना
सगळ्या आवाजात एक आवाज वेगळा पडला.
टक्.
चाकाच्या दर फेऱ्याला, टक्.
मी डोळे मिटले होते हे नंतर कळलं.

एस-सहा. चाक एका जागी चपटं झालेलं.
डबा काढला. झोपेतली सत्तर माणसं
बोचकी, बाटल्या, पोरं घेऊन फलाटावर,
आणि रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार.
माझ्या जुन्या वहीत ही गाडी
लाल शाईनेच गेली असती :
एक तास दहा मिनिटं. कारण, मी.

कधी खिडकीतून एखादं पोर टाटा करतं.
पुलावरून मीही केलाय, शेकडो गाड्यांना.
हात वर करत नाही.
माझे डोळे त्याच्याच चाकावर असतात.

नायनांना आता ऐकू येत नाही फारसं,
तेवढं मागांनी ठेवून घेतलं.
सकाळी घरी आलो, तर त्यांच्यासमोर लाकडी पाटावर
बोटांनी वाजवून दाखवलं :
घरघर, घरघर, टक्. घरघर, घरघर, टक्.
त्यांनी तळवा पाटावर टेकवला,
बराच वेळ तसाच ठेवला.
मग म्हणाले,
कोपऱ्यातला का रे?