एक औंस कमी

मेथिलमध्ये, खाणकामगारांच्या जुन्या हॉलात,
मंगळवारी साडेसातला,
मी नऊ वर्षांच्या स्ट्रूअनशेजारी बसते.
माझं वय एक्कावन्न.
दोघांसमोर रबराची एकेक गादी, दोन दोन काठ्या
आणि एक कागद, ज्यावर काळे ठिपके
देठाला धरून उभे,
कुणाला एक झेंडा, कुणाला दोन,
कुणी हातात हात घालून आडव्या दांडीखाली.

स्ट्रूअनला ते वाचता येतात. मला नाही.

वॉली डेम्प्स्टरनं एकतीस वर्षं
गोळ्या-चॉकलेटचं दुकान चालवलं.
तागडीशिवाय त्याला काही शिकवता येत नाही.
"पोकळ, बिनदेठाचा, तो अख्खा पौंड.
चार मोजून होईतो संपत नाही.
देठ आला की अर्धा. पोट काळं झालं की पाव.
शनिवारी पोरं यायची ना, पाव द्या हो, त्या आंबट हिरव्या,
तोच हा पाव.
एक झेंडा, दोन औंस. दोन झेंडे, एक औंस.
छटाकभर आहे, पण तोही पुडी बांधून द्यायचा,
हवेत सोडायचा नाही."

वन-ई-अँड-अ, टू-ई-अँड-अ,
जीभ अडखळते, काठी पुढे पळते.
"गिऱ्हाईक अजून दारातच आहे," तो म्हणतो.
टिंब म्हणजे वर घातलेली मूठ,
आवडत्या पोराला निम्मं आणखी,
आणि मागून येणाऱ्याच्या पुडीत उरतो एक औंस.
दोघांच्या पैशात तीन पोरं, तेही भागतं.
आणि विराम?
"रिकामी पिशवी. तीसुद्धा ताजव्यात ठेवायची."

विरामात मी हमखास वाजवते.

खरं तर मोजण्यावरच माझं पोट.
रात्रपाळी, वॉर्ड सहा, मनगटावर दोन बोटं,
पंधरा सेकंद, गुणिले चार.
पण तिथे ठोके येत राहतात, मी नुसती पकडते.
इथे आधी मोजायचं, मग ठोका आणायचा,
बाळ यायच्या आधी पाळणा हलवायचा तसं.

नोव्हेंबरात एकदा, बाकीचे चहाला उठले तेव्हा
वॉली माझी पकड सुधारत होता,
अंगठा इथे, बोट असं,
आणि त्याचं मनगट माझ्या बोटांखाली आलं.
सवयीनं मी थांबले.

पाव. दोन औंस. मग काहीच नाही.
मग तिघं ढकलाढकली करत.
मग एक टिंब, ज्याच्यामागून कुणीच आलं नाही.

"काय गं?"

सांगायला तोंड उघडलं, शब्द सुचेनात.
वॉर्डात सुचतात.
मग पेन्सिल घेऊन कागदावरच उतरवलं,
डोकं, देठ, झेंडा, पुन्हा बोटं मनगटावर,
डोकं, देठ.
प्रत्येक खान्यात चार मावायला हवेत;
रेघ कुठे मारावी कळेना.

त्यानं चष्मा चढवला,
काठीच्या टोकानं एकेक ठिपका मोजला.
"इथे एक औंस कमी पडतोय.
असला हिशेब माझ्या दुकानात चालला नसता."
"मी रचलेलं नाही हे, वॉली."

तो कागदाकडे बघत राहिला.
पलीकडे स्ट्रूअन बिस्कीट खाता खाता
टेबलावर बोटांनी मोजत होता,
वन, टू, थ्री, फोर,
तोंड भरलेलं, तरी एकही न चुकता.

मी कोट आणले, त्याचा आणि माझा.

गाडीत, हॉस्पिटलच्या वळणावर, तो म्हणाला,
"विराम मात्र बरे काढलेस."