शब्दाला चाळीस पैसे

शब्दाला चाळीस पैसे.
म्हणजे 'ऊन' लिहिलं तरी चाळीस
आणि 'किंकर्तव्यविमूढ' लिहिलं तरी चाळीसच.
म्हणून मी जड शब्दांच्या वाटेला जात नाही.
'सुद्धा' मात्र सढळ हाताने पेरते
आणि 'त्याचप्रमाणे' तोडून
'त्याच प्रमाणे' करते:
ऐंशी.
दामले बाईंनी वहीत लाल गोल केला असता.

विक्रोळी, कन्नमवार नगर, तिसरा मजला.
इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप,
राउटरचा दिवा हिरवा आहे तोवर मी कामावर.
ज्या गाद्यांवर कधी पाठ टेकली नाही
त्यांना साडेचार तारे दिलेत मी.
बालीत कुठे काय खावं ते सांगितलंय
कालच्या आमटीत पाव बुडवत.
पहिलं घर घेताना काय काय बघावं
(बाराशे शब्द)
हे लिहिलं त्याच आठवड्यात
एजंट गडा दारात उभा राहून म्हणाला,
'करार रिन्यू करायचाय ना? सॅलरी स्लिप?'
मी माझं इन्व्हॉइस दाखवलं, मीच बनवलेलं.
त्याने उलटसुलट करून पाहिलं.
'ताई, असं तर मी सुद्धा बनवेन.'

'मी सुद्धा.' ऐंशी, मनात आलं.

रिद्धीशला फोन केला की म्हणतो,
पेमेंट प्रोसेसमध्ये आहे.
फेब्रुवारीपासून आहे.
आता मला वाटतं, प्रोसेस हे गावच असावं,
टिटवाळ्याच्या पुढे कुठेतरी,
हवा चांगली, पाणी चोवीस तास,
आणि माझे सगळे पैसे तिथे
एकमेकांना धरून सुखात राहत असतील.

परवा समोरच्या तोडणकर काकूंनी
व्हॉट्सॲपवर काहीतरी पाठवलं.
मग स्वतःच आल्या, वाटी परत द्यायला,
आणि वाटीत शिरवाळे घेऊन.
'वाचलंस का? गुडघ्याचं आहे.
तू पण करत जा, दिवसभर बसून असतेस.
काय करतेस गं एवढं त्या कम्प्युटरवर?'

मी उघडलं.
भिंतीला हात टेकवा. टाच हळूच उचला.
घाई करू नका.
दहापर्यंत मोजा.
आणि मग पुन्हा एकदा दहापर्यंत मोजा.

नाव कोणाचंच नव्हतं त्यावर.
पण हे 'आणि मग' मी ओळखते.
रात्री दोन वाजता नऊशेला पाच कमी पडत होते,
तेव्हा घातलेलं ते वाक्य.
दोन रुपयांचं.

'कोणीतरी डॉक्टर असणार,' काकू म्हणाल्या,
'किती सांभाळून सांगतो बघ.
पुन्हा मोजा म्हणतो.
आमचा डॉक्टर एकदासुद्धा मोजायला सांगत नाही.
महिना झाला, जिना उतरते मी आता.'

मी काही बोलले नाही.
शिरवाळे गोड होते, घशात अडकले.

त्या रात्री तो लेख पहिल्यापासून वाचला,
गॅस बंद केलाय ना म्हणून
अंथरुणातून उठून बघून यावं, तसा.
ओळीमागून ओळ.
कुठल्या पाच लेखांतून कुठलं काय उचललं होतं
ते शोधत बसले तीनपर्यंत.
एका ठिकाणी लिहिलं होतं, दुखलं तर थांबा.
ते माझं नव्हतं, उचललेलंच होतं,
पण नशीब, मी गाळलं नव्हतं.

नऊशे शब्द. तीनशे साठ.
टीडीएस जाऊन तीनशे चोवीस,
तेही अजून त्या गावाला.

सकाळी सातला दार वाजलं.
काकू, गाऊनवर ओढणी, पायात मोजे.
'चल, दोघी असलो की होतं.'
जिन्याच्या भिंतीला चार हात टेकले,
चुना तळव्यांना लागला.
दूधवाला वळसा घालून वर गेला.
काकूंनी मोठ्याने मोजलं, दहा.
मग माझ्याकडे पाहिलं,
दम लागला होता त्यांना.

दुसरे दहा मी मोजले.
सावकाश.
एकही न गाळता,
एकही न तोडता.