आधी हत्ती, मग दार

ग्युमरीत उंटाला हत्ती म्हणतात
आणि हत्तीला होडी.
घोडा मात्र घोडाच, अडीच घरांचा.
एवढं समजलं की बाकी पट ओळखीचा.

वराझदात जोडे दुरुस्त करतो
बाजारामागच्या लोखंडी डब्यात.
गेल्या थंडीत डोक्यात कुठेशी एक शीर तटकली
आणि नावं गळायला लागली,
फाटक्या खिशातून खिळे गळावेत तशी.
बूट कुणाचा, पैसे कुणाचे राहिले,
बायको आता तळव्यावर खडूने लिहून ठेवते.

शेजारच्या शोघिकला शाळेत बुद्धिबळ हा विषय आहे,
गणितासारखा, गृहपाठासकट.
नऊ वर्षांची. पुढच्या दातांत फट.
तिला हरवायला कुणीतरी हवं असतं.

"पाठ काही करायचंच नाही," ती म्हणते,
"समोरचा काहीही खेळू दे, तू आपलं हेच.
वजिरापुढचं प्यादं दोन घरं.
मग हत्ती बाहेर.
मग राजापुढचं प्यादं एक घर, म्हणजे दार बंद.
उलटं केलंस तर हत्ती आतच अडकतो
आणि डाव संपेपर्यंत भिंतीकडे बघत बसतो."

हे त्याला पटतं.
परवाच किल्ली आत ठेवून
त्याने दार ओढून घेतलं होतं.

मग आणखी एक प्यादं, एकच घर;
तिघं मिळून छपराचा आकार.
छपराबद्दल या गावात
कुणाला काही समजवावं लागत नाही.

फेब्रुवारीभर तेच.
आधी हत्ती, मग दार, तो पुटपुटतो,
गिऱ्हाइकाला वाटतं भाव सांगतोय.
एकदा तिचं नावच आठवेना.
"ए," म्हणाला, "हत्तीवाली."
ती हसली नाही. चाल केली.

आज तिचा वजीर तिरका आला.
हत्ती घराबाहेर पडला तेव्हापासून
डावीकडचं एक प्यादं उघडं होतं.
तिने ते उचललं, स्वतःच्या बाजूला ठेवलं,
सरळ रांगेत.

"हे तू सांगितलं नव्हतंस."
"हे सांगायचं नसतं. हे बघायचं असतं."

तो बघतो.
झिजलेली टाच बघावी तसा, मान वाकडी करून.
प्यादं गेलं ते गेलं.
पण तिचा वजीर आता त्याच्या छपराखाली आहे,
एकटाच,
आणि परतायला वाट फार नाही.

मेणाने काळं पडलेलं बोट घोड्यावर टेकतं.
उचलत नाही अजून.
शेगडीवर कॉफी उतू जाते.
"वराझदात," ती म्हणते, "कॉफी."
"थांब जरा," तो म्हणतो,
"शोघिक."