खैऱ्या

पुण्याहून आलेला प्रफुल्ल
फाट्यावर मेश्रामच्या टपरीशी गाडी थांबवतो
आणि सांगतो, हिचं स्टिअरिंग धरावं लागत नाही.

वासुदेव ढोके गिलास ओठांशी तसाच ठेवून विचारतात,
मंग धरते कोन?
कोणीच नाही, काका.
थेच तं म्हन्तो मी. कोनीच म्हंजे कोन?

तरी बसतात. चपला बाहेर काढून ठेवू लागतात,
मी म्हणतो, आत घ्या.
त्या मांडीवर घेऊन बसतात.

येवद्याचा रस्ता.
गाडी पांढरी रेघ शोधत जाते म्हणे.
रेघ आहे, शाळेपर्यंत. पुढे तिच्यावर
इंगोल्यांची तूर पसरली आहे,
येणाऱ्याजाणाऱ्या चाकांनी मळून निघावी म्हणून.
पडद्यावर आमची गाडी पोकळीत तरंगते,
तुरीला तिथे चित्र नाही.
वेग कमी होतो, वाढतो, पुन्हा कमी,
नव्या सुनेनं वरणात मीठ टाकावं तसा.

प्रफुल्लचे हात मांडीवर,
पण बोटं वाकलेली,
झोपलेल्या लेकराखालून हात काढून घेतल्यावर
राहतात तशी.

ढोके खिडकीबाहेर बघत बोलू लागतात:
खैऱ्या आनला व्हता चांदूरबाजारातून.
आठ दिवस झाले नसन.
सरकीचे पोते भरले, रात झाली, कासरा सोडला.
म्हटलं, बैलाले रस्ता ठाव असते,
आन् झोपलो पोत्याईवर.
संगचा बैल मुकाट त्याच्यासंगं चालला.
उजाडलं तं बंडी कोनाच्या तरी आंगनात उभी.
हीर अनोळखी, गोठा अनोळखी.
बाई आली भांडं घेऊन,
पयले बैलाच्या गळ्यात पडली,
मंग मले म्हन्ते, तुमी कोन जी?

आम्ही हसतो. ढोके हसत नाहीत.
बैल चुकला नाई, बाप्पा. बराबर घरी गेला.

नाल्याजवळ तीन रोही आडवे जातात.
गाडी थांबते. खरंच थांबते, आमच्या ओरडण्याआधी.
प्रफुल्ल मागे वळून बघतो, शाबासकीसाठी.

हाव, थांबली, ढोके कबूल करतात,
पुढच्या सीटच्या पाठीवर हात फिरवतात,
वशिंडावर फिरवावा तसा.
हे आनली कुठून?

बाणेरच्या शोरूममधून.

त्याच्या आंधी?

टुंग वाजतं.
पडद्यावर दोन पिवळे हात उमटतात.