बिस्किट

आयरीनबाई रिक्षातून उतरल्या तेव्हा
भुसावळात पंचेचाळीस होतं.
चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं,
पाट्याइतकं जड, आणि हात लावला तर चटका.

मी पेट्या दुरुस्त करतो. भजनी मंडळांच्या,
बँडवाल्यांचे क्लॅरिनेट, कधी शाळेचा ढोल.
गिटार म्हणजे लाकूड, एवढंच ठाऊक.
ही पत्र्याची. पोटावर जाळीचं झाकण,
निकेल उडून खालचं पितळ उघडं.

"क्लिफर्डची. मालगाडीवर गार्ड होता.
शनिवारी इन्स्टिट्यूटमध्ये वाजवायचा,
मांडीवर आडवी घेऊन,
बेअरिंगच्या कड्याचा तुकडा तारांवर सरकवत.
आतलं बिस्किट तुटलंय."

मी पोराला दोन चहा सांगितले, बिस्किटासकट.
त्या हसल्या नाहीत.
चहा आल्यावर हसल्या.

नऊ स्क्रू.
आठ मुकाट निघाले. नवव्याचं डोकं झिजलेलं,
त्याच्यापायी अख्खी सकाळ.
झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमचा शंकू,
उपडं घातलेलं नरसाळं जसं, पण पोस्टकार्डाहून पातळ,
मधोमध खचलेला.
शेंड्यावर लाकडाची टिकली, दोन तुकडे:
हेच ते बिस्किट.
आणि शंकूच्या पाठीमागे, अंधारात,
कुंभारमाशीचं घर.
सुपारीएवढं. कोरडं. भाडेकरू कधीच गेलेला.

शंकू कुठून आणायचा?
अमळनेरला मेहुणा भटू, पातेल्यांची झाकणं खरादीवर काढतो.
त्यानं जुना शंकू उलटसुलट पाहिला.
"भो, हाई ताट शे का बाजा?"
मग सागाचा साचा कातला,
चकतीला साबण लावला, मशीन फिरवलं,
दांडा छातीशी दाबून धरला.
पहिला फाटला. दुसरा फाटला.
तिसऱ्याला त्यानं बिडी विझवली
आणि बोलणं बंद केलं.

टिकली हळदूच्या लाकडाची केली,
पालकडच्या एका सुताराकडे उरलेला तुकडा,
हळदीसारखा पिवळा, बारीक अंगाचा.
तिच्यावर शिसवीची पट्टी, तारांसाठी सहा खाचा.
मानेवरची घोडी म्हशीच्या शिंगाची.
तीन खुंट्या एका मोडक्या मेंडोलिनच्या.

शंकू चिकटवायचा नसतो, हे मला उशिरा कळलं.
एक सरसाची बाटली वाया गेली तेव्हा.
तो नुसता ठेवायचा कडेवर.
तारा ताणल्या की त्यांच्याच ओझ्यानं बसतो.
तारा सोडल्या की पुन्हा सुटा.

बाई गुरुवारी आल्या. खुर्चीत बसून गिटार मांडीवर आडवी घेतली.
पर्समधून तो कड्याचा तुकडा काढला.
सूर निघाला तसा समोरचा पंक्चरवाला
टायर पाण्यात तसाच धरून उभा राहिला.

"छान," त्या म्हणाल्या.
मग पुन्हा तीच तार. कान जाळीजवळ.
"सूर संपल्यावर थोडी भुणभुण राहायची.
तो म्हणायचा, इंजिन थंड होतंय."

फळीवर बूच होतं, त्यात माशीचं घर.
मी ते हळूच डब्यामागे सरकवलं.
काय सांगणार होतो?
की वीस वर्षं, किंवा चाळीस,
साथीला माती होती?

"बसा," म्हटलं. "पाच मिनिटं."
पहिला स्क्रू सैल केला. काही नाही.
चौथा, सहावा. काही नाही.
नवव्याला अर्धा आटा उलटा दिला,
त्याच झिजक्या डोक्याच्या. तो मी बदलला नव्हता,
मापाचा मिळाला नाही म्हणून.

त्यांनी तार छेडली.
सूर विरला, आणि त्याच्या मागून
काहीतरी आलं.
"हीच का?" मी विचारलं.
"नाही," त्या म्हणाल्या. थांबल्या. "पण चालेल."

बिलात शंकू, टिकली, खुंट्या, तारा.
अर्ध्या आट्याचं काही लावलं नाही,
सरसाचंही नाही.

जुना शंकू त्या न्यायला विसरल्या.
भटू म्हणतो, दे, वितळवतो.
अजून खिळ्याला टांगलाय.
साबण ठेवायलाही उपयोगाचा नाही,
मध्ये भोक आहे.