नववी जागा

मागे चार पोर्ट. एकात कीबोर्ड, एकात माऊस,
एकात प्रिंटर, चौथा गेल्या हिवाळ्यात मेला.
पुढचे दोन पहिल्या दिवसापासून मुके.
एकात कुणीतरी सूर्यफुलाच्या बीचं टरफल कोंबलेलं.

डिसेंबर. गुरांच्या मोजणीचे शेवटचे दोन दिवस,
बाहेर उणे चौतीस.
सोदनोमनं पेन ड्राइव्ह आणला
देलच्या आतल्या घडीत, छातीशी धरून,
गारठलेलं कोकरू आणावं तसा.
"यात सगळी वाडी आहे," म्हणाला. "कुठे घालू?"

उलानबातरला बहिणीच्या मुलाला फोन लावला.
गान्सुख तिथे हेच करतो, दिवसभर.
"वीज काढ. मग आधी उघड्या पत्र्याला हात लाव, मावशी."
लावला. लोकरीच्या बाहीतून ठिणगी उडाली,
सोदनोम हसला, मी शिवी दिली.

डब्यात सात वर्षांची काजळी, शेणाच्या धुराची,
आणि कोपऱ्यात रबरबँडनं बांधलेली
वायरींची जुडी, आली तशीच.
लाल, पांढरी, हिरवी, काळी. दोन-दोन.
विकणाऱ्याची घरी जायची वेळ झाली असेल.

"खालच्या कडेला पिनांच्या दोन रांगा. एकीत पाच, एकीत चार."
"तशा दोन जोड्या आहेत रे."
"मग शेजारची अक्षरं वाच. भलतीकडे लावलंस तर धूर निघेल."
लोकर तपासायचं भिंग काढलं.
गुडघे टेकून, श्वास रोखून
मुंगीएवढी अक्षरं वाचली.

"दहा जागा, नऊ पिना. नववी नसतेच."
"तुटली?"
"मुद्दाम ठेवत नाहीत. तिच्यावरून कळतं
कुठलं टोक कुठलं. लाल तिच्यापासून सगळ्यात लांब."

दोन लाल. मग पांढऱ्या, हिरव्या,
काळ्या त्या पडक्या दाताच्या बाजूला.
एकेक वायर सुईत दोरा ओवावा तशी,
फरक एवढाच की सुई जागेवरून हलत नाही
आणि माझा हात हलतो.

टरफल टाचणीनं उकरलं.
वीज लावली. पेन ड्राइव्ह खोचला.
दिवा लागला! सोदनोम उठून उभा राहिला.
पण पडद्यावर अक्षर नाही.
दिवा पेटलेला, घरात कुणी नाही, असं काहीतरी.

"पांढरी-हिरवी उलटी गेली असणार," गान्सुख म्हणाला,
आणि मागे त्याच्याकडे कुणीतरी दार आपटलं.
पिवळ्या बल्बखाली, काजळी बसली की,
पांढरीसुद्धा हिरवीच दिसते.
पुन्हा वीज काढली. पुन्हा पत्रा. पुन्हा ठिणगी.

मग आली ती वाडी:
शेळ्या सहाशे बारा, मेंढ्या चारशे सत्तर,
नर, माद्या, यंदाची पिल्लं,
आणि नववी ओळ, उंट, कोरी.

"इथे शून्य लिहू?"
सोदनोम खिडकीकडे बघत राहिला.
तिथे बर्फाशिवाय काही दिसत नाही.
"कोरीच ठेव. ती होती."

मी ठेवली. पाठवायचं बटण दाबलं.
यंत्रानं दोनदा टुंग केलं, लाल चौकट दाखवली.
रिकामी जागा त्याला चालत नाही.
मी शून्य टाकलं, तो चहा ओतत असताना,
आणि त्याला सांगितलं नाही.

रबरबँड अजून माझ्या मनगटावर आहे.
सात वर्षं ताणलेलं, तरी तुटलेलं नाही.
डब्याचा एक स्क्रू मात्र सापडत नाहीये.