रकाना सतरावा

विश्वामित्रीच्या कोतरात उतरताना
चपला हातात घ्याव्या लागतात.
चिखलात आधीच एक रेघ असते, मगरीच्या शेपटीची,
दोन्ही बाजूंना पंजे.
बघून चालायचं. रेघ ताजी असेल
तर फॉर्म उद्या भरायचा.

मी दांडिया बाजारातला, करारावरचा,
दर घरामागे एकशे चाळीस रुपये.
टॅब्लेटमधले प्रश्न कुठल्याशा थंड देशात रचलेले,
दिल्लीत हिंदी झालेले;
मी ते उभ्याउभ्या गुजरातीत ओततो
आणि मनात मराठीत मोजतो.

रूखीबेन गुडघाभर पाण्यात.
नंदेसरीकडून आलेली पोती धुते,
उलटं करून, आपटून, सुलटं करून, पुन्हा आपटून.
पोत्यावर कवटी छापलेली असते.
"पाचव्या धुण्याला जाते," म्हणते.
पाणी आधी पिवळं, मग दुधी, मग नदीसारखं.
तिच्या नखांचा रंग तेवढा परत आला नाही.

मगर?
"ती पलीकडे बसते. तिला हा वास सोसत नाही."

घरात फ्रिज? नाही.
वाहन? लेकाची सायकल होती,
भादव्यात आजव्याचं पाणी सोडलं तेव्हा गेली.
वीज? एक बल्ब, शेजारणीकडून ओढलेला, महिना दोनशे.
मांस? कधीतरी रविवारी.
गेल्या वर्षात विमानप्रवास किती?
हा प्रश्न गाळता येत नाही, यंत्र पुढे सरकत नाही.
मी विचारला.
हरणीवरून एक उठलंच होतं तेवढ्यात.
तिनं मान वर केली, ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं
आणि म्हणाली, लिही, शून्य.

यंत्र जरा घरघरलं. मग पडद्यावर हिरवं पान उमटलं:
या कुटुंबाचा पृथ्वीवरचा भार नगण्य.
असं पान मला अलकापुरीत एकही मिळालं नव्हतं.
मी खरोखर खूश होऊन सांगितलं,
बेन, आख्ख्या वॉर्डात तुमचा पहिला नंबर.

तिनं पोतं दगडावर निथळत ठेवलं.
"बक्षीस काय?"
काही नाही.
"म्हणजे असंच राहायचं?"

याला रकाना नव्हता.

सतरावा होता: कुटुंबाची निकड, एकच निवडा.
झाडं लावणं. गांडूळखत. धूर नसलेली चूल. प्रशिक्षण.
"फ्रिज," ती म्हणाली.
कशासाठी?
"अलकापुरीत विचारलंस, कशासाठी?"

नव्हतं विचारलं.
तिथे फक्त किती लिटरचा, एवढंच.

तिच्या भिंतीवर लाल रंगात आकडा आहे, ११८.
इथे दिवे लागणार, बाकं येणार, फरशी,
आणि हिची खोली शहराबाहेर चौथ्या मजल्यावर.
तिथे पोती कुठे धुणार, ते नकाशात नाही.
मी म्हणालो, नदी साफ होईल, बेन.
ती चिडली नाही, हेच मला अजून उमगत नाही.
"व्हावी की! वीस वर्षं हिच्यात उभी आहे,
किती घाण आहे ते तुला सांगू, का तुझ्या साहेबाला?"

'इतर'च्या चौकटीत वीस अक्षरं बसतात.
फ्रिज लिहूनही जागा उरली.
काही सुचेना. तशीच सोडली.

रात्री घरी जेवण झाल्यावर, गंमत म्हणून,
मी माझाच फॉर्म भरला.
पान आलं नाही. नारिंगी वर्तुळ आलं,
आणि खाली सल्ला: दिवे वेळेवर मालवा.
स्वयंपाकघरात आमचा फ्रिज गुणगुणत होता,
बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतला, दोनशे चाळीस लिटर.
आईनं मंगळबाजारातून भाजी आणली होती,
मेथी, दुधी, थोडी हिरवी मिरची,
वीस रुपयांच्या त्या नव्या पिशवीतून.
चांगली आहे गं, शिवलीये मजबूत, म्हणालो.
मेथी खाली पडली म्हणून पिशवी उलटी केली.

आतल्या बाजूला होती ती. अगदी पुसट,
डोळ्यांच्या दोन खाचा आणि अर्धा जबडा.

चौथंच धुणं झालं असावं.